ड्रायसूटच्या आत काय घालायचं: थंड पाण्यातल्या डायव्हिंगसाठी कपड्यांची निवड आणि निगा

तारकर्लीच्या कोमट समुद्रात डायव्हिंग शिकलेला सोलापूरचा माणूस आइसलंडच्या सिल्फ्रा या डायव्हिंगच्या ठिकाणी किंवा नॉर्वेच्या किनाऱ्यावर जायचं ठरवतो, तेव्हा त्याचं सगळं लक्ष ड्रायसूटवर, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या डायव्हिंगच्या सूटवर असतं. मान-मनगटाशी पाणी अडवणारं सील लॅटेक्सचं की सिलिकॉनचं, चेन पुढून की मागून, बूट जोडलेले की वेगळे. आत काय घालायचं हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उभा राहतो आणि घरातलं थर्मल, वर जाड स्वेटर, यावर भागवलं जातं. सिल्फ्राचं पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. तीन थर चिकटवलेल्या पातळ ट्रायलॅमिनेट कापडाचा ड्रायसूट हा या बाबतीत रेनकोटच समजा. तो पाणी अडवतो, ऊब द्यायचं काम आतल्या कपड्यांचं. निओप्रीनचा, म्हणजे फेसाळ रबराचा, सूट थोडी ऊब देतो, पण खोल पाण्यात तोही चेपतो.

कपडाही स्वतः ऊब देत नाही. ऊब देते त्याच्या धाग्यांमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवा. ही हवा दोन गोष्टींनी जाते: कपडा ओला झाला की आणि कपडा चेपला की. निवड, माप, धुणं, ठेवणं या सगळ्यात याच दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत.

जीएसएमचा आकडा वाचताना

सोलापूरकराला इथे एक फायदा आहे. टॉवेलच्या धंद्याशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे त्याला जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, समजावून सांगावं लागत नाही. ड्रायसूटचे आतले पोशाखही १००, २००, ४०० असे जीएसएमवरच विकले जातात. मात्र टॉवेलचा ४०० आणि अंडरसूटचा ४०० एक नव्हे. टॉवेलमध्ये आकडा पूर्ण कापडाचा असतो. भरणाच्या, म्हणजे दोन कापडांमध्ये तंतू भरलेल्या, अंडरसूटमध्ये तो बहुधा फक्त आतल्या भरणाचा असतो, वरचं कापड आणि अस्तर वेगळं. फ्लीसच्या पोशाखात पुन्हा पूर्ण कापडाचा. म्हणून २०० चं भरण आणि २०० चं फ्लीस शेजारी ठेवून किंमत ताडून पाहू नका.

शिवाय जीएसएम वजन सांगतो, फुगीरपणा सांगत नाही, आणि आपल्याला हवा धरून ठेवणारा फुगीरपणा हवा आहे. थ्रीएम कंपनीच्या थिन्सुलेटसारख्या भरणात तंतू फार बारीक असतात, त्यामुळे कमी जाडीत जास्त हवा धरली जाते. त्यातला बी प्रकार दाबाखाली कमी चेपतो, म्हणून डायव्हिंगच्या पोशाखात तो जास्त दिसतो.

सुती का नको

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या टॉवेलचा गुण काय, तर उभ्या फंद्यांचा सूत पाणी ओढून घेतो आणि धरून ठेवतो. ड्रायसूटच्या आत हाच गुण माणसाला गारठवतो. सूट कोरडा राहिला तरी घाम येतोच, आणि अंगातली वाफ सूटच्या थंड आतल्या बाजूला लागून तिचं पाणी होतं. सुती बनियन ते पिऊन अंगाला चिकटतं, धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं. बनियन, सुती मोजे, टी-शर्ट, हुडी, जीन्स यातलं काहीही आत नको. बाजारात थर्मल म्हणून मिळणाऱ्या जोड्यांमध्येही सूत मिसळलेलं असतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका.

अंगालगतचा थर, म्हणजे बेस लेअर, दोनच प्रकारचा घ्या. एक, घाम अंगावरून उचलून बाहेरच्या थराकडे सरकवणारं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. दुसरी, मेरिनो लोकर. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, वासही कमी धरते. रोज दोन डाइव्ह आणि खोलीवर कपडे वाळायची सोय नाही असा प्रवास असेल तर आमचा कौल मेरिनोला.

घेण्याआधी घरी करायच्या तीन चाचण्या

पहिली जाळून पाहण्याची. कापडाच्या व्यवहारात ही जुनीच रीत आहे. शिवणीच्या आतल्या बाजूचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. सूत कागदासारखं भराभर जळतं, वास जळक्या कागदाचा आणि राख भुरभुरीत. लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, वास जळक्या केसांचा, आणि उरलेला काळा दाणा बोटांनी चुरडतो. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला न चुरडणारा कडक मणी राहतो. मिश्र धाग्यात खुणाही मिसळतात. शंभर टक्के लोकर म्हणून घेतलेल्या कापडाच्या धाग्याला कडक मणी आला तर ते परत करा.

दुसरी थेंबाची. कापडाची अंगालगतची बाजू वर ठेवून चमच्याने एक थेंब पाणी सोडा. चांगल्या पॉलिएस्टर बेस लेअरवर थेंब लगेच पसरतो, पलटून पाहिलं तर बाहेरच्या बाजूचा डाग मोठा असतो, आणि पंख्याखाली तो लवकर वाळतो. थेंब तसाच मण्यासारखा उभा राहिला तर घाम अंगावरच राहणार. ही चाचणी पॉलिएस्टरसाठी आहे. लोकर थेंब सुरुवातीला नाकारते, त्यावरून ती वाईट ठरत नाही.

तिसरी दाबाची, आणि तिला सगळ्यात जास्त वेळ द्या. पाण्यात आडवं पोहताना पाठ आणि पोट यांच्या पातळीत ३० ते ४० सेंटीमीटरचा फरक असतो. सूटमधली हवा वर पाठीकडे जाते आणि खालच्या बाजूच्या कपड्यावर तेवढ्या पाण्याचा जादा दाब येतो. हिशेब केला तर १० सेंटीमीटर लांबरुंद चौकोनावर तो ३ ते ४ किलो भरतो. उभं राहिलात तर खांद्यापासून पावलापर्यंत दीड मीटरचा फरक, म्हणजे घोट्याजवळ तेवढ्याच चौकोनावर १५ किलोपर्यंत. पाय आधी गार पडतात त्याचं हे मोठं कारण. म्हणून १० बाय १० सेंटीमीटरची लाकडी फळी घ्या, पोशाखाचा मांडीकडचा भाग एकेरी पसरून त्यावर ठेवा आणि फळीवर ३ किलो वजन ठेवा. पट्टीने जाडी मोजा, दहा मिनिटांनी वजन काढा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. वजनाखाली जो जास्त जाड राहतो आणि वजन काढल्यावर जवळजवळ पूर्ण फुलतो, तो घ्या. मऊ लव असलेलं स्वस्त फ्लीस हाताला सुखद लागतं, पण वजनाखाली पापडासारखं बसतं. दोन्ही आकडे वहीत लिहा, पुढे लागतील.

किती अंशाला किती थर

पातळ ट्रायलॅमिनेट सूट आणि ४० मिनिटांच्या आसपासची डाइव्ह धरून अंदाज असा:

१५ ते २० अंश: बेस लेअर आणि १०० चं भरण किंवा मध्यम फ्लीस.
१० ते १५ अंश: बेस लेअर आणि २०० चं भरण.
५ ते १० अंश: बेस लेअर, २०० चं भरण आणि वर बिनबाह्यांचं जाकीट.
५ अंशाखाली: जाड मेरिनो बेस आणि ४०० चं भरण, किंवा जाड बेस, २०० आणि भरणाचं जाकीट.

निओप्रीनचा सूट असेल तर एक पायरी कमी ऊब धरली तरी चालतं. पण हे अंदाज थंड देशात राहणाऱ्यांच्या सवयीवर बेतलेले असतात. एप्रिल-मे महिन्यात चाळिशीपार पारा सोसणाऱ्या माणसाने पहिल्या प्रवासात एक पायरी जास्त ऊबच धरावी.

वर्षातून एक-दोनदा, तेही वेगवेगळ्या पाण्यात जाणार असाल तर सुरुवातीलाच ४०० चा पोशाख घेऊ नका. चांगला बेस लेअर, २०० चा पूर्ण पोशाख आणि एक जाकीट एवढ्यात बहुतेक पाणी निभावतं आणि बॅगेत मावतं. अति थंड ठिकाणी डाइव्ह सेंटरकडे जाड अंडरसूट भाड्याने मिळतो. बेस लेअर आणि मोजे मात्र आपलेच न्या. भाड्याचा पोशाख दिवसात दोघातिघांच्या अंगावरून येतो आणि सकाळी तो पूर्ण वाळलेला असेलच असं नाही.

मोजे एकच जोडी, लोकरीची, जाड पण सैल. दोन जोड्या कोंबल्या की रक्त पायाच्या बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि पाय उलट लवकर बधिर होतात. बुटाचं माप मोजे घालूनच द्या.

बॅटरीवर तापणारं जाकीट हा पूरक थर आहे, त्याच्या भरवशावर आतले कपडे कमी करू नका. ते खोल पाण्यात चालू आणि परतताना बंद पडलं तर प्रश्न फक्त थंडीचा राहत नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राच्या २००७ च्या प्रयोगांत तळाशी उबदार आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हर्समध्ये डीकम्प्रेशनच्या आजाराचा (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या) धोका ठळकपणे वाढलेला दिसला. वर येतानाचा टप्पा नुसत्या कपड्यांवर निभावला पाहिजे असाच बेत आखा. विमानात लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

माप आणि शिवणकाम

आतला पोशाख आधी, सूट मग. सूट मापाने शिवून घेणार असाल तर सगळे थर अंगात घालून माप द्या. उलट केलं की ४०० चं भरण २०० च्या जागेत कोंबलं जातं, आणि चेपलेला ४०० हा पैसे देऊन घेतलेला २०० च आहे.

छाती, कंबर, उंची सगळे मोजतात. चुकतं ते धडाचं माप. टेप खांद्यावरून पुढे खाली, आसनातून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत आणा. हे माप कमी पडलं की वाकताना आसन ओढतं. पोशाख घातल्यावर चार हालचाली करा: दोन्ही हात डोक्यावर सरळ, पूर्ण उकिडवं बसणं, उजव्या हाताने डाव्या दंडाला धरणं, आणि डोक्यामागे हात नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवल्यासारखं करणं. कुठेही मनगट किंवा घोटा चार बोटांपेक्षा जास्त उघडा पडला तर माप चुकलं. फार सैलही नको, मोकळ्या जागेत हवा पायाकडे धावते. ही चाचणी पहाटे किंवा एसी लावून करा आणि दहा मिनिटांत कपडे उतरवा. मे महिन्यात दुपारी हे केलं तर चक्कर यायला वेळ लागत नाही.

तयार मापात न बसणाऱ्यांसाठी शहरातले गणवेशाचे कारागीर उपयोगी पडतात. त्यांच्याकडे ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन असतं आणि हाताला सफाई असते. आसनात किंवा बगलेत ताणणाऱ्या फ्लीसची कळी घालून घेणं, पायाची लांबी कमी करणं ही कामं निर्धास्त द्या. दोन गोष्टी मात्र आधीच बजावा. भरणाच्या भागावर नवीन टीप मारायची नाही, कारण प्रत्येक टीप भरण चेपते आणि तिथे गार रेघ तयार होते. आणि बेस लेअरची शिवण सपाट हवी. मनगट, मान आणि खांद्यावरच्या पट्ट्याखाली जाड शिवण आली तर तासाभरात वळ उठतात.

अंगात घालताना आणि पाण्यात

कपडे शेवटच्या क्षणी घाला. सामान उचलणं, सिलिंडर जोडणं सगळं उरकून मग सूट. आधीच घामेजलात तर पाण्यात उतरण्यापूर्वीच आतला थर ओला.

मनगटाशी बाही सीलच्या खाली जाऊ देऊ नका. धाग्याची एक बारीक लड जरी सीलखाली आली तरी दिव्याच्या वातीने तेल चढावं तसं पाणी आत चढतं. बाहीला अंगठ्याची कडी असेल तर सूट चढवताना तिचा उपयोग होतो, पण मग ती अंगठ्यातून काढून बाही सीलच्या मागे सारा. मनगटावर आतलं सील न ठेवता कोरडे (पाणी आत येऊ न देणारे) हातमोजे लावले असतील तरच कडी अंगठ्यात राहू द्या, त्या वाटेने थोडी हवा बोटांपर्यंत जाते.

डाव्या दंडावरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह पाण्यात उतरण्याआधी तपासा. सूट बंद करून थोडी हवा भरा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि कोपर वर करा. हवा सलग बाहेर आली पाहिजे. थांबत थांबत येत असेल तर आतलं कापड व्हॉल्व्हच्या तोंडावर ओढलं जातंय. वर येताना हवा सुटली नाही तर सूट फुगत जातो आणि माणूस आवरत नाही. कापड सरकवून पुन्हा पाहा, तरीही अडलं तर त्या पोशाखाने डाइव्ह करू नका.

थर वाढला की अडकलेली हवा वाढते आणि पाण्याखाली राहण्यासाठी लागणारं शिशाचं वजनही वाढवावं लागतं. बेस लेअरवरून ४०० वर जाताना काही किलोंचा फरक पडू शकतो, तेव्हा जुना आकडा नव्या कपड्यांना लावू नका. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेली हवा सुमारे २.७ किलोची असते आणि ती डाइव्हमध्ये संपत जाते. म्हणून वजन तपासायचं ते ५० बार उरल्यावर, ३ मीटरवर, सूटमध्ये कमीत कमी हवा ठेवून स्थिर राहता येतं का हे पाहून. सूट आणि अंगासकट एकूण १०० किलो असतील तर गोड्या पाण्यातून समुद्रात जाताना साधारण अडीच किलो वाढतात. सिल्फ्राचं पाणी गोडं आहे.

खाली जाताना १० मीटरवर सूटमधली हवा निम्मी होते. तेव्हा छोट्या छोट्या दाबांनी, आवळलेलं सुटेल एवढीच हवा भरा. जास्त ऊब मिळावी म्हणून सूट फुगवणं ही नवख्यांची धोक्याची सवय आहे. ती हवा पायाकडे गेली की पाय वर, डोकं खाली. ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय यातलं काहीही करून पाहू नका. हीलियम मिसळलेला वायू सूटमध्ये भरायचा नाही, हीलियम हवेच्या साधारण सहापट उष्णता वाहून नेतो.

बाहेर आल्यावर ओलावा कुठे आहे ते पाहा

सूट काढताच, कपडे बदलण्याआधी, पोशाखावरून हात फिरवा. फक्त मनगटापासून कोपरापर्यंत ओलं असेल तर सील किंवा मूठ आवळल्यावर मनगटाच्या कंडरांमध्ये पडणारी खोबण. डावा दंड ओला असेल तर व्हॉल्व्ह, बहुधा त्यात अडकलेली लव किंवा वाळूचा कण. मानेपासून छातीपर्यंत ओलं असेल तर सीलखाली केस किंवा कॉलर. एका बाजूला तिरकी ओली पट्टी असेल तर चेनचं टोक पूर्ण बंद झालं नव्हतं. पाऊल ओलं असेल तर बुटाची शिवण. सगळीकडे सारखाच दमटपणा, पाठ आणि बगल जास्त, तर तो घाम आहे आणि सूट ठीक आहे. एक थर कमी करून पाहता येईल.

धुणं

बेस लेअर आणि मोजे रोज धुवा. भरणाचा पोशाख रोज फक्त उलटा करून वाऱ्यावर टाका आणि प्रवास संपल्यावर एकदा धुवा. समुद्राचं पाणी आत शिरलं असेल तर मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्यातून दोनतीनदा काढा. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कपडा कधीच पूर्ण वाळत नाही.

१. पाणी ३० अंशांच्या आसपास हवं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, त्यात लोकर आटते. पहाटेचं पाणी वापरा. बोअरच्या जड पाण्यात साबणाची चिकटी धाग्यावर बसते, म्हणून नळाचं पाणी येईल त्या दिवशीच हे काम काढा.

२. चेन बंद करा, पोशाख उलटा करा. बादलीत १० लिटर पाणी आणि लोकरीसाठीच्या सौम्य द्रव साबणाचं एक लहान टोपण. पावडर नको, ब्लीच नको.

३. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. सॉफ्टनरने टॉवेल मऊ लागतो आणि पाणी टिपेनासा होतो, हे टॉवेलवाल्याला ठाऊक असतं. धाग्यावर बसलेला तोच थर बेस लेअरला घाम उचलू देत नाही.

४. पंधरा मिनिटं भिजवून हाताने दाबत राहा. घासायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं नाही. फेस जाईपर्यंत तीनचार पाणी.

५. बेस लेअर मशीनला चालेल: समोरून दार असलेलं मशीन, जाळीची पिशवी, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम, मिनिटाला ६०० पर्यंत फेरे. भरणाच्या पोशाखाचं लेबल परवानगी देत नसेल तर हातानेच.

६. पाणी काढायला पोशाख मोठ्या टेरी टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा आणि वळकटीवर गुडघ्याने दाबा. टॉवेलचा गुण इथे कामी येतो.

वाळवताना ओला भरणाचा पोशाख खांद्याला चिमटे लावून टांगू नका. पाण्याच्या वजनाने भरण खाली उतरतं आणि खांदे रिकामे पडतात. दोन दोऱ्यांवर आडवा टाका, मेरिनो तर खाटेवर सपाट पसरा. सावलीत, वाऱ्यावर. आपलं ऊन तासाभरात वाळवतं हे खरं, पण तेच ऊन पॉलिप्रॉपिलीन आणि लवचिक धागा कुजवतं. इस्त्री कधीच नाही. वाळला का हे बाहेरून ठरवू नका. आसन, बगल आणि चेनच्या मागची पट्टी चिमटीत धरून पाहा, तिथलं गार लागणं म्हणजे आत ओलावा आहे.

ठेवणं

प्रवासापुरती हवा काढलेली पिशवी चालते, पोचल्यावर लगेच उघडा. घरी तशी महिनोन्महिने ठेवली तर भरण बसतं. पत्र्याखालचा माळा तर नकोच. उष्णता आणि दाब एकत्र आले की कृत्रिम तंतू त्याच घडीत पक्के बसतात. रुंद हँगरवर, कपाटात, सुती खोळ घालून ठेवा. लोकरीला कसर लागते, तेव्हा पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून झटका. डांबरगोळ्यांचा वास कपड्यात मुरतो आणि बंद सूटमध्ये तास काढताना असह्य होतो.

पुढच्या प्रवासाच्या महिनाभर आधी तीच फळी, तेच ३ किलो, तीच मांडीकडची जागा. वहीतल्या आकड्यापेक्षा वजनाखालची जाडी पाव भागाने कमी भरली तर पोशाख एकदा धुऊन, सावलीत वाळवून, हाताने हलके थोपटून पुन्हा मोजा. तरीही फुलत नसेल तर त्या प्रवासात वर जाकीट चढवा, आणि परतल्यावर तो पोशाख १५ अंशांवरच्या पाण्यासाठी ठेवा.